हजार किलोमीटरला सव्वा लिटर ऑइल खाणारी आमची पिकअप आणि मंतरवाडीचं बिनपाटीचं गॅरेज

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, मल्हारगडाच्या पायथ्याला. अंजीर आणि सीताफळाची बाग आहे, पावसाळ्यात वाटाणा असतो. माल पहाटे दिवेघाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डात जातो, आठवड्यातून एकदा वाशीला. बाग आमचे हे बघतात, गाडी पुतण्या चालवतो, आणि डिझेल, हमाली, टोल, दलालाच्या पट्ट्या, गाडीचा खर्च हा सगळा हिशोब माझ्याकडे असतो. म्हणून गाडी ऑइल खायला लागली हे गाडी चालवणाऱ्याच्या आधी माझ्या वहीला कळलं.

पिकअप २०१७ ची आहे. बीएस-४ (प्रदूषणाच्या आधीच्या नियमांची), अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, तेव्हा १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेलं. मागच्या मार्चमध्ये, मीठा बहाराच्या अंजिराची तोडणी चालू असताना, एका महिन्याच्या खर्चात ऑइलच्या एकेक लिटरच्या चार बाटल्या दिसल्या. आधी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये एक बाटलीही लागत नव्हती. महिन्याला साधारण ३,००० किलोमीटर होतात, म्हणजे दीड-पावणेदोन हजारांचं ऑइल नुसतं धुरात. पण पैशांपेक्षा भीती वेगळीच होती. अंजीर थांबत नाही. पाट्या भरून गाडी निघाली आणि घाटात ऑइलचा दिवा लागला, तर दुपारपर्यंत माल मऊ पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. त्या महिन्यात पुतण्याचा फोन पहाटे साडेचारला वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा.

या गॅरेजपर्यंत पोचायच्या आधी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्याने १५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० असं घट्ट ऑइल भरलं आणि वर कसलीशी बाटली ओतली. पंधरा दिवस फरक वाटला, नंतर पहिले पाढे पंचावन्न. शिवाय घट्ट ऑइल थंडीत पहाटे टर्बोपर्यंत (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पोचायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ टर्बो कोरडा फिरतो, हे मला नंतर कळलं. दुसरं गॅरेज मोठं, लिफ्ट वगैरे असलेलं. तिथे सायलेन्सरपाशी हात धरून, धूर बघून, दहा मिनिटांत निकाल लागला. पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदलणं, करावं लागेल, ७२ हजार, दहा दिवस गाडी उभी, टर्बो निघाला तर त्याचे वेगळे. विचारत मी होते आणि उत्तर पुतण्याकडे बघून मिळत होतं. तेव्हा मला उलट काही विचारता आलं नाही, कारण माझ्याकडे बाटल्यांचा हिशोब सोडला तर मोजलेलं काहीच नव्हतं.

यार्डात आमच्या शेजारी गाडी लावणाऱ्या एका टेम्पोवाल्या काकांनी पुतण्याला सांगितलं, "इंजिन उघडायच्या आधी मंतरवाडीला चाचांना दाखव." आमच्या बाजूने यायचं तर घाट उतरून वडकी, उरुळी देवाची, मग मंतरवाडी चौक. हडपसरकडून आलात तर भेकराईनगर ओलांडून तोच चौक. तिथून कात्रजकडे जाणाऱ्या बायपासला वळलं की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही. भिंतीवर लाल रंगात 'डिझेल इंजिन व टर्बोचे काम' एवढंच लिहिलंय. एका वेळी दोन गाड्या बसतात. मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. हाताखाली दोन पोरं.

मी गेल्या गेल्या विचारलं, "हाफ इंजिनला तुमच्याकडे किती लागतील?" त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "ताई, धूर कधी येतो?"

"येतच असतो."

"तसं नको. तुमच्या रोजच्या रस्त्यात कुठे येतो ते सांगा."

मग पुतण्या आठवून आठवून सांगायला लागला. पहाटे गाडी चालू केली की एक झोत येतो, मिनिटभरात जातो. घाटमाथ्यापर्यंत काही नाही. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, गाडी तिसऱ्या गिअरवर सोडलेली असते, तेव्हाही काही दिसत नाही. खाली मस्तानी तलाव मागे पडला, वडकीच्या सपाटीला लागलं आणि पाय दिला की मागचा दुचाकीवाला दिसेनासा होईल एवढा निळा ढग. यार्डाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून अर्धा तास उभं राहून निघालं की परत तसाच ढग. "आणि घाट चढताना?" चाचांनी विचारलं. परतताना आमच्या गाडीत कधी रिकामी क्रेट असतात, कधी पेंड आणि खताची पोती. पुतण्या म्हणाला, पोती भरून चढतानासुद्धा धूर जवळजवळ नसतो.

"रिंगा गेल्या असत्या तर चढावर धूर आला असता," चाचा म्हणाले. "जोर तिथे लागतो."

मला हे एक वाक्य ७२ हजारांचं वाटलं. रोज दोनदा तोच घाट, तोच रस्ता, आणि आमच्यापैकी कुणीच धूर कुठे येतो याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच धरून बसलो होतो. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण ऑइल आत कुठल्या वाटेने शिरतंय हे धुराची वेळ सांगते, हे त्या दिवशी कळलं. रिंग आणि लाईनर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले असले की जोराखाली वरचं कॉम्प्रेशन खाली चेंबरकडे (इंजिनखालची ऑइलची टाकी) निसटतं आणि खालचं ऑइल वर येऊन जळतं, म्हणून धूर चढावर दिसतो. टर्बोचं उलट आहे. पाय काढला की टर्बोतला हवेचा दाब पडतो, त्या दाबाने आत थोपवलेलं ऑइल पाझरतं आणि पाइपात साठत जातं. मग पाय दिला की साठलेलं सगळं एकदम सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. दिवेघाट उतरणं म्हणजे नेमकं तेच, चार-साडेचार किलोमीटर पाय काढलेला. आणि पहाटेचा झोत हे तिसरंच दुखणं, व्हॉल्व्हच्या गाईडवरचे सील कडक झाले की रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरतं आणि चालू करताना जळतं.

एवढं सांगून चाचा म्हणाले, "हा अंदाज आहे. खात्री मोजून करू. आज काही उघडणार नाही."

त्यांनी पोराकडून इंजिन बाहेरून धुऊन घेतलं, वाळवलं, आणि सगळ्या जोडांवर, पॅकिंगच्या कडांवर घरातली साधी टाल्कम पावडर भुरभुरवली. बाहेरून गळत असेल तर पांढऱ्यावर काळी रेघ उठून दिसते. मग मला सांगितलं, रोज पहाटे गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर, थंड इंजिनची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघायची. कमी झालेलं मापाने भरायचं आणि लिहायचं. ५०० किलोमीटर झाले की या. पैसे घेतले धुण्याचे २०० रुपये.

आमच्या अंगणाला उतार आहे, म्हणून रोज पहाटे गाडी मारुतीच्या देवळासमोरच्या फरशीवर नेली. दुधाचं १०० मिलीचं माप घेतलं. पहिल्याच दिवशी एक चूक सापडली. पुतण्या डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरत होता, 'उतरतंच आहे तर जास्त असू दे' म्हणून. चाचांनी बजावलेलं होतं की खुणेच्या वर थेंब नको. वर भरलं की क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) ते ऑइल घुसळतो, त्याचा फेस आणि वाफ ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून परत हवेच्या वाटेत जाते आणि तीही जळते. म्हणजे घाबरून जास्त भरणारा माणूस स्वतःच ऑइलचा खप वाढवत असतो.

दुसरी गोष्ट, त्यांनी डिपस्टिकवरच्या ऑइलचा वास घ्यायला सांगितला होता. इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) गळका असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरतं, लेव्हल जागच्या जागी दिसते आणि आपल्याला वाटतं ऑइल खात नाही, प्रत्यक्षात ते पातळ होत जातं. आमच्यात डिझेलचा वास नव्हता.

त्या आठ दिवसांत मला माझे वडील फार आठवले. माहेरी विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं, खडकीच्या कारखान्यातलं. वडील हँडल मारायच्या आधी रोज ऑइल बघायचे, फडक्याने पुसायचे, परत बुडवून बघायचे. आम्ही पोरं पाटात पाय सोडून बसलेलो असायचो. त्या एका इंजिनावर त्यांनी पंचवीस वर्षं पाणी उपसलं. आमच्या घरात नवी पिकअप आली आणि ती सवय मात्र आम्ही कुठेतरी सोडून दिली, दिवा लागला की बघू असं म्हणत. दिवा दाब अगदी पडल्यावर लागतो, लेव्हल कमी झाली म्हणून लागत नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगला इजा सुरू झालेली असू शकते.

आठ दिवसांत ५१० किलोमीटर झाले आणि ६५० मिली ऑइल भरावं लागलं. म्हणजे हजाराला सव्वा लिटरच्या वर. काही कंपन्या आपल्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालेल म्हणतात, पण मालवाहू गाडीचा पूर्वीचा स्वभाव मालकाला माहीत असतो. आमच्या गाडीचा तो नव्हता. पावडरवर फक्त टॅपेट कव्हरच्या कडेला एक बारीक रेघ होती. तेवढ्याने सव्वा लिटर जात नाही. जळतच होतं.

मग गाडी दोन दिवसांसाठी सोडली. पहिल्या दिवशी मी पुतण्याबरोबर गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले, कारण चाचा प्रत्येक गोष्ट उघडली की हाक मारत होते, "ताई, या, बघा." हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आधी चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडलं. रिंगा पार गेल्या असल्या की तिथून जुन्या कोळशाच्या रेल्वेसारखा भकाभक धूर येतो, झाकण ठेवलं तर उडतं. आमच्यात हलकी वाफ होती. मग ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) काढून त्या भोकात गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. चारही सिलिंडर २६ आणि २७ किलोच्या मध्ये. चाचा म्हणाले, आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे बघायचं. एखादा पाच-सहा किलोने खाली असता तर तिथे गडबड धरली असती. पाण्याच्या टाकीत ऑइलचा तवंग नाही हे बघितलं. आणि मग टर्बोकडून इंटरकूलरकडे (हवा थंड करणारी जाळी) जाणारा मोठा होज पाइप सोडला.

खाली ठेवलेल्या घमेल्यात ऑइल पडलं. थेंब नव्हे, धार. चहाचा मोठा कप भरेल एवढं. पुतण्या म्हणाला, "काकू, हे बघ वडकीचा धूर." मला एकदम हलकं वाटलं, खरंच. इतके दिवस नुसतं 'जळतंय' ऐकत होते, आता ते डोळ्यासमोर होतं.

टर्बो उतरवला. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. वरून बारीक पाइपातून दाबाने ऑइल येतं आणि खालच्या जाड पाइपातून आपल्या वजनाने चेंबरमध्ये पडतं. दोन्ही टोकांना रबरी सील नसतं, लोखंडी बारीक रिंग असते. त्यामुळे ऑइल खाली सुटलं नाही तर ते बाजूने बाहेर येणारच, टर्बो नवा असला तरी. म्हणून चाचांनी आधी तो खालचा जाड रिटर्न पाइप काढला आणि आत टॉर्च मारला. मला म्हणाले, बोट घाला. आत काहीतरी मऊ, जिभेसारखं लोंबत होतं.

लाल सिलिकॉन. साधारण वर्षापूर्वी तिथे थोडं गळत होतं म्हणून आम्ही एका गॅरेजात काम करून घेतलं होतं. तिथे पॅकिंग टाकायच्या ऐवजी ट्यूबमधलं सिलिकॉन भरमसाट लावून फ्लँज आवळला होता. बाहेर आलेलं पुसलं असेल, पण तेवढंच आतही दाबलं गेलं, तिथे सुकलं, आणि अर्ध्याहून जास्त भोक बंद करून बसलं. त्याच्यावर काजळी साचत गेली. वर्षभर टर्बो स्वतःचंच ऑइल बाहेर टाकायला झगडत होता. अंगठ्याच्या नखाएवढा तो तुकडा हातात घेतला तेव्हा मला फार राग आला. पॅकिंग शंभर-दोनशे रुपयांचं. ते टाकायचा कंटाळा कुणीतरी केला आणि त्याची किंमत आम्ही भरली, आणि वर आम्हाला इंजिन उघडायला सांगण्यात आलं. इंजिन उघडलं असतं, रिंगा नव्या पडल्या असत्या, टर्बो तोच, पाइप तोच, आणि गाडी वडकीला परत धूर सोडत राहिली असती. तो तुकडा चाचांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दिला. माझ्या हिशोबाच्या कपाटात आहे.

एअर फिल्टरही तुंबलेला निघाला. आमच्या बागेचा रस्ता मातीचा, उन्हाळ्यात फुफाटा उडतो. फिल्टर तुंबला की टर्बो हवा ओढायला जोर लावतो आणि हवेबरोबर सीलमधून ऑइलही ओढलं जातं. हे आमच्याकडून झालं. आता फिल्टर दर महिन्याला उघडून बघतो आणि काळवंडला की बदलतो. हवा मारून तोच तोच वापरणं बंद केलं.

टर्बोचं काय करायचं हा प्रश्न होता. चाचांनी मला दांडा धरून हलवायला लावला. वर-खाली किंचित हलतो, ते चालतं, ऑइल नसताना हलणारच. पण आत-बाहेर ढकलला तर बोटाला जाणवायला नको. आमचा जाणवत होता. शेजारी दुसऱ्या गाडीचा नवा कोअर (टर्बोच्या आतला दांडा, पंखे आणि बेअरिंगचा भाग) होता, तो हलवून दाखवला, तो आत-बाहेर अजिबात हलत नव्हता. पंखा हाउसिंगला घासल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणून पूर्ण नवा टर्बो, जो ३० हजारांच्या पुढे गेला असता, तो न घेता आतला कोअर बदलायचं ठरलं. भोसरीला एकाकडे बॅलन्सिंगचं मशीन आहे, तिथून तो करून आणला. बाकीचं सामान चाचांनी चिठ्ठी लिहून आम्हालाच नाना पेठेतून आणायला लावलं, बिल आमच्या नावावर. असं किती गॅरेजवाले करतात?

बसवताना एक गोष्ट त्यांनी पोरांकडून तीनदा करून घेतली. इंटरकूलर आणि सगळे पाइप उतरवून धुवायचे आणि पूर्ण सुकवायचे. आत राहिलेलं ऑइल एकदम ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला डिझेलची गरजच उरलेली नसते. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं, नाहीतर हवेची वाट जाड फळीने किंवा तशाच कशाने बंद करायची, हात लावायचा नाही, हे त्यांनी पुतण्याला समजावलं. पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं. टर्बोच्या ऑइलच्या भोकात आधी ऑइल भरलं, मग इंजिन चालू न करता स्टार्टर थोडा फिरवून दाब येऊ दिला, आणि नंतर चालू केलं.

पुतण्याची एक सवयही त्या दिवशी सुटली. यार्डात पोचलं की एक मोठी रेस देऊन किल्ली बंद करायची. सगळेच करतात. पण तेव्हा टर्बो जोरात फिरत असतो आणि ऑइलचा पुरवठा इंजिनबरोबर तुटतो. कोरडा फिरतो तो तसाच. आता घाट चढून आलं की मिनिटभर गाडी शांत चालू ठेवून मगच बंद होते.

खर्च सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. टर्बोचा कोअर बॅलन्सिंगसकट १२,५००. रिटर्न पाइप ९००, पॅकिंगं ६५०, एअर फिल्टर ७५०. ऑइल परत १५डब्ल्यू-४० आणि ऑइल फिल्टर मिळून ३,१००. कॉम्प्रेशन तपासायचे १,०००, मजुरी ४,५००. एकूण २३,४००.

आता जे आवडलं नाही तेही. दोन दिवस सांगितले आणि चार लागले, भोसरीहून कोअर वेळेत आला नाही म्हणून. त्या दोन दिवसांचं भाडं आम्ही दुसऱ्या टेम्पोला दिलं. चाचा फोन उचलत नाहीत, काम करताना फोन लांब ठेवतात असं कळलं, पण गिऱ्हाइकाला थांबून राहावं लागतं. मजुरीचा हिशोब शाळेच्या वहीच्या पानावर मिळाला, ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्यावं. बायकांसाठी तिथे कसलीही सोय नाही, मला चौकातल्या पेट्रोल पंपापर्यंत जावं लागलं. पावसात शेडसमोर चिखल असतो. आणि तीन आठवड्यांनी इंटरकूलरच्या होजची क्लिप सैल झाली, पाय दिला की शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि गाडीची ताकद गेली. घेऊन गेलो. चाचांनी स्वतः बोल्टवाली जाड क्लिप टाकून दिली, पैसे घेतले नाहीत, चूक आमची आहे असं पोरांसमोर म्हणाले. तरी त्या दिवशीचा माल उशिरा पोचला आणि भाव गेला, तेही खरं.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, तर ऑइल खाण्याकडे जास्तच लवकर बघा असं चाचांनी सांगितलं. त्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, असतो. काजळी त्यात जळून जाते, पण जळलेल्या ऑइलची राख जळत नाही, ती तिथेच बसते. शिवाय त्या गाड्यांना कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. डीपीएफ तुंबला तर त्याच्या खर्चापुढे आमचे २३ हजार काहीच नाहीत.

काम झाल्यावर मी मोजणं सोडलं नाही. पहिल्या हजार किलोमीटरला ३५० मिली लागलं, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २८०. वडकीचा ढग गेला. मी मुद्दाम एकदा मागच्या गाडीत बसून बघितलं, घाट उतरून सपाटीला लागताना सायलेन्सर स्वच्छ होता. पहाटेचा झोत मात्र अजून आहे. व्हॉल्व्ह सील बदलून घेऊ का असं मी स्वतः विचारलं, ९ हजारांच्या आसपास खर्च आहे. चाचा म्हणाले, "ताई, ३०० मिलीसाठी हेडला हात लावू नका. लिहीत राहा. हजाराला ५०० च्या वर गेलं की या."

आज गाडी १ लाख ९३ हजारांवर आहे. कालच्या पानावर २९० मिली लिहिलंय.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आधी जा, तेव्हा चाचा गाडीखाली नसतात आणि नीट बोलतात. शुक्रवारी दुपारी शेड बंद असतं. आणि जाण्याआधी आठ दिवस तरी धूर रस्त्यात कुठे कुठे येतो ते लिहून न्या, पहिला प्रश्न तोच असतो.